रिकाम्या गाडीचं वजन

काटेसाहेब हे नाव त्यांना ट्रकवाल्यांनी दिलं आणि पुढे बायकोच्याही तोंडी बसलं. शहराबाहेरच्या वजनकाट्यावर, खिडकीमागे, सव्वीस वर्षं. भरलेली गाडी तोलायची, माल उतरवून आली की रिकामी तोलायची. दोन्हींतला फरक म्हणजे माल. एखादा ड्रायव्हर घाईवर यायचा.

"साहेब, कालचंच रिकामं वजन धरा की. गाडी तीच आहे."

"गाडी तीच, पण टाकीत डिझेल तेवढंच आहे? चाकांना चिखल तेवढाच आहे? चल, चढव काट्यावर."

ठमी त्यांना तिथेच सापडली होती, काट्याच्या लोखंडी पत्र्याखाली. मांजराचं मूठभर पिल्लू. त्यांनी तिला गंमत म्हणून पत्र्यावर ठेवलं, तर आकडा हललाच नव्हता. त्याला पंधरा वर्षं झाली. आता तिची मूत्रपिंडं थकली होती.

"बरी होणार नाही, पण सांभाळता येईल," प्राण्यांची डॉक्टरीण म्हणाली होती. "दर महिन्याला रक्त, लघवी, रक्तदाब."

दर महिन्याला म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा. काटेसाहेबांनी त्या दिवशी दारातच सिगारेटचं पाकीट चुरगाळलं. तीस वर्षांची सवय एका दमात सुटली. सगळ्यांना नवल वाटलं. पण तेवढ्यानं भागेना. तिसऱ्या महिन्यात त्यांनी डॉक्टरणीला विचारलंच, "यातलं काय टाळता येईल?"

ती रागावली नाही. "वजन घरी करा, दर रविवारी. चार किलोच्या खाली गेलं की त्याच दिवशी आणा. टिकून राहिलं, तर बाकीच्या तपासण्या चार महिन्यांनी करू."

वजन! हे तर त्यांच्या घरचंच काम. त्यांनी माणसं तोलायचा काटा आणला. आधी एकटे उभे राहिले: चौसष्ट किलो. मग ठमीला छातीशी धरून: अडुसष्ट किलो दोनशे ग्रॅम. ठमी चार किलो दोनशे. आकडा त्यांनी कॅलेंडरवर लिहिला. मग दर रविवारी ठमीला उचलायचं, उभं राहायचं, चौसष्ट वजा करायचे. चार दोनशे. चार शंभर. पुन्हा चार दोनशे.

"अहो, हिची हाडं लागतात हाताला," बायको म्हणाली.

"हाताला काय कळतं? कॅलेंडर बघ."

"कॅलेंडर मांडीवर घेऊन मी बसत नाही. हिला घेऊन बसते."

"म्हातारपणी अंगावरचे केस विरळ होतात. म्हणून वाटतं तसं."

"तुमचे तर केव्हाच गेले. पोट मात्र वर आलं," ती म्हणाली आणि बिस्किटांचा डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. सिगारेट सुटल्यापासून त्यांच्या तोंडाला सारखा चाळा लागे.

चार महिने भरले त्याच दिवशी ते दवाखान्यात गेले. खिशात सतरा रविवारांचे आकडे, नीट अक्षरात. डॉक्टरणीनं ते वाचले, "छान टिकलंय," म्हणाली आणि ठमीला टेबलावरच्या काट्यावर ठेवलं.

दोन किलो नऊशे.

"तुमचा काटा चुकतोय," काटेसाहेब म्हणाले.

डॉक्टरणीनं कोपऱ्यातली खाद्याची पाच किलोची न फोडलेली पिशवी दाखवली. त्यांनी स्वतः उचलून ठेवली. काटा पाच किलोवर आला आणि तिथेच थांबला.

रक्ताचा अहवाल तासाभरात आला. डॉक्टरणीनं तो दोनदा वाचला.

"आधी कळलं असतं तर सलाईन, औषधं... काही महिने मिळाले असते. आता मी तपासण्यांचे पैसे घेणार नाही. घेऊन काय करायचं?"

चार महिने ज्याची काळजी केली, तो खर्च असा एका वाक्यात संपला.

घरी येऊन त्यांनी ठमीला टोपलीत ठेवलं. तिनं मानसुद्धा वर केली नाही. ते न्हाणीघरात गेले आणि काट्यावर एकटे उभे राहिले.

पासष्ट किलो तीनशे.

ते उतरले, पुन्हा चढले. पासष्ट तीनशे. गेल्या रविवारच्या अडुसष्ट दोनशेतून पासष्ट तीनशे गेले की दोन किलो नऊशे. दवाखान्यातला आकडा.

"हे खेळणं फेकून द्या आधी," बायको दारातून म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "याच्याच भरवशावर बसलो आपण. बिघडलेलं होतं, दुसरं काय."

सव्वीस वर्षांत कुणी बरोबर काट्याला खोटं म्हणालं, की काटेसाहेब भांडायला उठत. आज त्यांना वाटलं, म्हणू दे.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "मी जाड झालो."

ती हसली. इतक्या रडण्यातही तिला हसू आवरलं नाही. "ते कळायला काटा कशाला हवा? मी रोज सांगतेय की..."

तिचं हसू तिथेच थांबलं. ती काट्याकडे बघत राहिली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. हिशेब फार मोठा नव्हता.

ती टोपलीपाशी जाऊन बसली. ठमीच्या पाठीवरून हात फिरवला, एकेका मणक्यावरून, सावकाश. बोलली तेव्हा आवाजात टोमणा नव्हता.

"त्यापेक्षा ओढायच्या होत्या सिगारेटी."

काटेसाहेब अजून काट्याशेजारीच उभे होते. पायाखालची फरशी गार होती. त्यांना खोलीत जाऊन तिच्याजवळ बसायचं होतं, पण पाऊल उचलेना.