यमुनाताईंची जोडवी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना विजेचा डबा आहे. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा, राखाडी रंगाचा. तोंडावर दोन बटणं, एक लाल दिवा आणि पोटातून निघालेल्या दोन तारा. तारांच्या टोकांना रबराच्या चकत्या आहेत. त्या माणसाच्या अंगाला चिकटवल्या की मी हलक्या हलक्या टिचक्या मारतो. चटका बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात. तरी पहिल्यांदा सगळेच दचकतात, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची थोडी गंमत वाटायची.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहान कारखान्यातला. प्रतिमा नावाच्या मुलीने माझ्या पोटातल्या तारांना कथलाचे डाग देऊन त्या जोडल्या. पाठदुखी आणि खांदेदुखी यांसाठी मी घडलो. विजयमालाबाईंनी व्यायामोपचाराची परीक्षा पास होताच मला विकत घेतलं. त्यांचे यजमान लष्करात. त्यामुळे बदली झाली की काळ्या लोखंडी ट्रंकेत, गरम कपड्यांच्या घडीत बसून माझाही मुक्काम हलायचा. असा मी १९८३ साली जयपूरला आलो. राजा पार्कात एका मिठाईच्या दुकानावर बाईंनी खोली घेतली. दिवसभर कचोरी तळल्याचा वास आणि लोकांचे गुडघे. माणसं मला ‘बिजलीवाला डिब्बा’ म्हणायची. काम भरपूर होतं, पण कानावर मराठी पडत नव्हतं. मी नुसता डबा असलो तरी माझा जन्म पुण्याचा, मला चुकल्यासारखं व्हायचंच.

म्हणून यमुनाताई पहिल्यांदा जिना चढून आल्या आणि “बाई, कंबर लय दुखते वं,” म्हणाल्या, तेव्हा माझा दिवा नेहमीपेक्षा जरा जास्तच उजळला असेल. त्या मूळच्या अकोल्याच्या. त्यांचे यजमान जनार्दनराव रेल्वेत गार्ड होते आणि दोघं स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये राहत.

कमरेला टिचक्या द्यायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात त्या तीनदा उठून गेल्या. तिसऱ्यांदा परत आल्यावर बाईंनी दार लोटलं आणि विचारलं, “यमुनाताई, हे किती दिवसांपासून आहे?”

त्या पदराचं टोक पिळू लागल्या. मग हळूच बोलल्या. लघवीची घाई होते, इतकी की मोरीपर्यंत पोचेपर्यंत जीव जातो. कुठे जायचं म्हटलं की आधी तिथली सोय आठवते. सहा वर्षं झाली. अकोल्याला थोरली बहीण आहे, आक्काबाई. तिनेच यमुनाताईंना लहानाचं मोठं केलं. दर वर्षी रेल्वेचा पास निघतो आणि दर वर्षी वाया जातो. एवढ्या लांबच्या गाडीत, भरल्या डब्यात, संडासाच्या त्या लहान दाराशी रांग लावून उभं राहायची त्यांची छाती होत नव्हती. आक्काला त्या लिहायच्या, ‘ह्यांना रजा मिळत नाही.’

बाईंनी त्यांना आधी मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. लघवी तपासून झाली, दुसरा काही आजार निघाला नाही. मग बाईंनी एक इंग्रजी वैद्यकीय मासिक उघडलं. घोट्याच्या आतल्या बाजूने एक नस जाते. ती वर चढत जाऊन कमरेतल्या ज्या जागी पोचते, तिथेच मूत्राशयाच्या नसाही येतात. घोट्यापाशी टिचक्या दिल्या तर काहींची घाई शमते, असं त्यात लिहिलं होतं. “गुण येईलच असं मी सांगत नाही,” बाई म्हणाल्या, “पण आठवड्याला अर्धा तास, बारा आठवडे करून बघू.”

कमरेचा नि गुडघ्यांचा डबा मी, आणि आता हे नवं काम. मी मनातून घाबरलो होतो.

बाई म्हणाल्या, पायातलं काढून ठेवा. यमुनाताईंनी पैंजण काढले. जोडव्यांना मात्र हात लावू देईनात. “आक्कानं लग्नात आपल्या हातानं घातली हायेत. नाई काढत.” बाईंनी हट्ट धरला नाही. एक चकती घोट्याच्या वर, एक टाचेजवळ लावली. पाय लाकडी पाटावर ठेवला आणि बटण थोडं थोडं फिरवलं. नस नेमकी सापडली की पायाची बोटं आपोआप हलतात. यमुनाताई लाजून लुगडं बोटांवर ओढून घ्यायच्या, त्यामुळे बाईंना काही दिसायचं नाही. पण पाटावर जोडवी वाजली. टिक. टिक. टिक. “सापडली,” बाई म्हणाल्या. मित्रांनो, त्या आवाजासाठी मी पुढे आठवडाभर वाट बघू लागलो.

त्या अर्ध्या तासात एकदा त्यांनी आक्काचं पत्र वाचून दाखवलं. ‘रेल्वेचा मानूस अन् बायकोले गाडीत बसू देत नाई. आसा कसा कठोर तुहा नवरा? या साली आली नाई त समजीन, मले बहीनच नाई.’ वाचून त्यांनी पत्राची घडी घातली. जोडवी वाजतच होती.

पाचव्या खेपेला त्या आल्या त्या भिंतीला धरून. ओठ सुकलेले. मे महिन्यातलं जयपूर, आणि यमुनाताईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. पाणीच प्यायलं नाही तर घाई कुठून होणार, असा त्यांचा हिशेब. विजयमालाबाई त्या दिवशी पहिल्यांदा रागावल्या. “अहो, लघवी घट्ट झाली की पिशवी आणखी चिडते. माझ्या डब्याने शांत करायचं आणि तुम्ही चिडवायचं, कसं जमायचं?” समोर बसवून दोन पेले पाजले. मला ‘माझा डबा’ म्हटल्याचं मात्र बरं वाटलं.

नवव्या आठवड्यात त्या अर्धा तास पूर्ण बसल्या. एकदाही उठल्या नाहीत. जाताना त्यांनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली.

बाराव्या आठवड्यात जनार्दनराव न्यायला आले. अकोल्याला जायचं ठरलं होतं, म्हणून यमुनाताई खाली आक्कासाठी मिठाई घ्यायला गेल्या होत्या. टोपी हातात फिरवत ते विजयमालाबाईंना म्हणाले, “मले ठाऊक होतं, बाई. सहा साल झाले, पास काढला का बर्थ दाराजवळचाच मांगतो, संडासापाशी. थे सांगत नाई, म्हून म्याबी इचारलं नाई.”

सहा वर्षं हा माणूस पत्रातून शिव्या खात होता आणि मुकाट्याने दाराजवळचा बर्थ मागत होता. मला वाचा असती तर मी जिन्यावरून ओरडून यमुनाताईंना सांगितलं असतं.

त्या गेल्या. महिना गेला, दीड महिना गेला. गुडघे आले, खांदे आले, पण जोडव्यांचा आवाज काही येईना. गाडीत त्यांचं काय झालं असेल, या काळजीने माझा दिवाही मिणमिणायला लागला होता. बाई म्हणाल्या, बॅटरी उतरलीय. असेल.

आणि एका दुपारी जिन्यावर दोन जोड चपला वाजल्या. यमुनाताई आल्या होत्या, आणि त्यांच्या खांद्याला धरून तशाच नाकाची, पिकल्या केसांची एक बाई. आक्काबाई.

“फलाटावरच मी हिच्यावर तोंड सोडलं,” आक्का धापा टाकत म्हणाल्या. “हिनं रडत खरं कारन सांगतलं. अन् मी ट्रंकेवर मटकन बसली. मलेबी थेच हाय वं बाई, आठ सालांपासून. म्हून त मी कधी जैपुरले आली नाई. हिलेच बोलवत रायली.”

दोघी बहिणी जनार्दनरावांनी मागून घेतलेल्या दाराजवळच्या बर्थवर बसून, एकमेकींना सोबत करत आल्या होत्या.

आक्कांनी पाय पाटावर ठेवला. मी कान टवकारले. बाईंनी बटण फिरवलं, आणखी फिरवलं. काहीच वाजेना. आक्कांचे यजमान वारले होते, त्यांच्या बोटांत जोडवी नव्हती. त्यांनीही लुगडं बोटांवर ओढून घेतलेलं. तेव्हा यमुनाताई खाली फरशीवर बसल्या, त्यांनी लुगड्याखाली हात घातला आणि आक्काची बोटं मुठीत धरली.

“हाललं,” त्या म्हणाल्या.

आता माझ्या चकत्यांना भेगा गेल्यात. बाईंकडे नवं यंत्र आलं आणि पाच वर्षं मी त्याच काळ्या ट्रंकेत पडून आहे. मला विसरलात तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी उगाच पाणी कमी पीत असेल, गावाला जायचं टाळत असेल, तर दार लोटून, जवळ बसून विचारा. नुसता दाराजवळचा बर्थ मागून गप्प राहू नका. त्या दोघी बहिणींची सहा वर्षं माझ्या टिचक्यांनी परत आणता आली नाहीत. ती आठवली की या अंधाऱ्या ट्रंकेत मी पाटावरच्या जोडव्यांच्या आवाजाची वाट बघत बसतो.