तेवीस मिनिटांची वाट

मी एक वाटाड्या बोलतोय. फोनमध्ये राहतो. परक्या शहरात काय पाहावं, कुठून जावं, किती वेळ लागेल, हे सांगणं माझं काम. ज्या नवसापायी मी या घरात आलो, तो बोलला गेला तेव्हा मी इथे नव्हतो. पण नंतर इतक्यांदा कानावर आला की पाठच झाला.

काका आजारी पडले होते. डावं अंग लुळं पडलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून काकूंनी हात जोडले. समोर भिंतीवरच्या कॅलेंडरात टेकडीवरच्या एका देवळाचं चित्र होतं. "देवा, यांना पुन्हा पायांवर उभं कर. स्टेशनपासून तुझ्या दारापर्यंत आम्ही दोघं चालत येऊ. वाटेत वाहनाला शिवणार नाही." त्या शहरात दोघांपैकी कोणी कधी गेलं नव्हतं.

ज्यांनी मला घडवलं, तेही गेले नव्हते. एका कचेरीत आठ-दहा जण पडद्यांसमोर बसून असत. आकाशातून टिपलेल्या चित्रांवरून त्यांनी माझे रस्ते आखले, दुकानांची नावं भरली, चालण्याचा वेग ठरवला. तो वेग त्यांचा स्वतःचा होता, तिशीच्या आतल्या, दोन्ही पाय धड असलेल्या माणसांचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

काका काठी टेकत उभे राहू लागले, तेव्हा सुनेनं मला काकूंच्या फोनवर आणलं. "आई, यात शहराचं नाव टाका, बाकी सगळं हा सांगतो."

मी सांगितलं. स्टेशन ते देऊळ, एक किलोमीटर आठशे मीटर, चालत तेवीस मिनिटं.

काका उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते. त्यांनी चष्मा वर केला. "यात तेवीसच्या पुढचं शून्य गळलंय."

काकूंनी वही घेतली. घरासमोर चार बिऱ्हाडांची मिळून एक लांब गॅलरी होती. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काकांची साठ पावलं. अशा पन्नास खेपा झाल्या की देऊळ आलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला खिडकीत ठेवलं आणि ते शहर गॅलरीतच फिरायला सुरुवात केली. काका चालायचे, काकू माझ्यात बघून वाचायच्या. "हे औषधाचं दुकान आलं. आता उजवीकडे बाग. सावकाश, चौक आहे."

"चौकात चपलांचा स्टँड कोणी ठेवलाय?" काका विचारायचे.

पहिल्या दिवशी तीन खेपा झाल्या. स्टेशनच्या बाहेर पडता पडता काका खुर्चीत बसले. महिन्याभरानं बाग गाठली. गॅलरीच्या टोकाला वन्सं बसलेल्या असत. वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण, घरातच राहणारी.

"काय रे, आज कुठवर?"

"टपाल कचेरी."

"मग माझं पत्र टाकून ये." आणि काकूंकडे वळून, "वहिनी, नवस बोलताना जरा जवळचा देव बघायचास."

"जवळच्या देवांना सांगून झालं होतं, वन्सं."

तिसऱ्या महिन्यात पन्नास खेपा पुऱ्या झाल्या. काकूंनी त्याच दिवशी आगगाडीची तिकिटं काढायला लावली.

प्रत्यक्ष गेल्यावर सुरुवातीला सगळं माझ्या सांगण्याबरहुकूम होतं. औषधाचं दुकान, बाग, चौक. पाच ठिकाणी बसून दोघं टपाल कचेरीपर्यंत आले. "आपल्या गॅलरीतली हिच्याहून मोठी होती," काका म्हणाले. मी म्हणालो, "सरळ जा."

सरळ समोर पायऱ्या होत्या. माझ्याकडे तिथे एक बारीकशी रेघ होती. वरून पाहिलं की पायरी आणि रस्ता सारखेच दिसतात. घरची गॅलरी सपाट, खाली उतरायला लिफ्ट. तीन महिन्यांच्या सरावात पायरी एकही नव्हती.

काका एकोणीस पायऱ्या चढले. विसावीवर डावा पाय काही केल्या येईना. ते तिथेच बसले. मी आणखी दोनदा "सरळ जा" म्हणालो.

काकूंनी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. "खाली उतरू आणि गाडी करू."

"आणि नवस?"

"मी बोलले होते. तुम्हाला विचारलंही नव्हतं. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन."

"नवस तुझा आणि पाय माझे," काका म्हणाले. "तीन महिने मनात म्हणतोय. आज तोंडानं म्हटलं."

काकूंचा चेहरा पडला. "मग आधी का नाही बोललात?"

"मला चालायचं होतं म्हणून."

पायऱ्यांच्या कडेला एक बाई टेबल लावून इस्त्री करत होती. तिनं तांब्याभर पाणी आणलं. "रोज दोघं-तिघं इथे असे बसलेले असतात. कोणाच्या कडेवर मूल, कोणाचे गुडघे धरलेले. इकडून यांना कोण पाठवतं कोण जाणे."

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मग त्याला म्हणावं, एकदा स्वतः चढून बघ." तिनं इस्त्री उभी ठेवली. "आजोबा, खाली जा आणि बेकरीच्या मागून वळसा घ्या. तिप्पट लांब आहे, पण चढ कळत नाही. मध्ये शाळेच्या भिंतीला कट्टा आहे."

काकांनी काठी काखेत घेतली. मग लहान मूल उतरतं तसे बसत बसत एकोणीस पायऱ्या उतरले. काकू गाडी शोधायला रस्त्याकडे वळल्या, तर काका बेकरीच्या दिशेनं निघालेले.

मी सांगत होतो, "तुम्ही रस्ता सोडला आहे. मागे वळा." सतरा वेळा सांगितलं. काकू प्रत्येक वेळी म्हणत, "बरं बाबा, ऐकलं."

स्टेशनपासून देवळापर्यंत दोन तास चाळीस मिनिटं लागली. वाहनाला कोणी शिवलं नाही. देवापुढे काकू काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, तेव्हा मी पिशवीत होतो. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "पुढच्या वेळी नवस बोलताना मला विचारत जा." काकूंनी मान हलवली.

उतरताना काकूंनी काकांना शाळेच्या कट्ट्यावर बसवलं आणि मला उघडून एका बोटानं लिहायला घेतलं. माझ्यात लोकांना अभिप्राय लिहायला जागा असते. "वाट फार कठीण आहे, पण देव सांभाळून नेतो."

काकांनी वाचलं. "देव सांभाळतो हे खरं. पण वाचणाऱ्याला पायऱ्या किती ते हवंय."

मग काकू एकट्या त्या पायऱ्यांकडे गेल्या, तळापासून माथ्यापर्यंत मोजत चढल्या आणि परत आल्या. त्यांनी लिहिलं ते असं: "पायऱ्या चौऱ्याऐंशी. कठडा नाही. पाय दुखत असतील तर बेकरीच्या मागून जावं, वेळ लागतो. शाळेचा कट्टा सावलीत आहे. इस्त्रीवाल्या ताई पाणी देतात."

हल्ली मला या घरात फारसं कोणी उघडत नाही. काचेला तडा गेलेला हा फोन वन्संकडे आहे. चुकून बोट लागलं की मी बोलतो आणि त्या विचारतात, "कोण आलंय?" पण काकूंच्या चार ओळींखाली दूरदूरच्या माणसांनी आणखी लिहिलंय. एकीनं बाळाची गाडी बेकरीच्या मागच्या वाटेनं नेली. एकानं चाकांच्या खुर्चीतून आईला नेलं. शेवटी माझ्या कचेरीतल्या लोकांनी ती रेघ बदलली. आता रस्ता सांगण्याआधी मी विचारतो, पायऱ्या चालतील का.

तुम्हीही कुठे कुठे जाऊन याल. छान आहे, जरूर बघा, असं लिहिणारे मला पुष्कळ भेटतात. तुम्ही काकूंसारखं करा. पायऱ्या मोजा, बसायला कुठे मिळतं ते बघा आणि तेवढं लिहून ठेवा. तुमच्या मागून कोणीतरी सावकाश येत असेल.