पिवळसर

चष्म्याचं दुकान चालवणारे काका आपल्या पुतणीला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत, पण ते काही कौतुकानं नव्हे. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यापासून तिनं घरातल्या प्रत्येकाला एकेक आजार वाटून टाकला होता. काकूला थायरॉइड, शेजारच्या आजोबांना कंपवात, स्वतःला तर जवळजवळ सगळंच. तपासण्या झाल्या, निघालं काहीच नाही. तेव्हापासून तिनं तोंड उघडलं की काका विचारत, आज कुणाचा नंबर?

एका बाबतीत मात्र तिनं त्यांना नमवलं होतं. खोकल्यासाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्यांना अँटिबायोटिक दिलं होतं. तोंड कडू पडलं तशी काकांनी ती गोळी बंद करायचं ठरवलं. ती हट्टालाच पेटली. कोर्स अर्धवट सोडला तर जंतू शिरजोर होतात, हे तिला नुकतंच शिकवलं होतं. पाण्याचा पेला घेऊन ती समोर उभी राहायची आणि काका गुमान गिळायचे.

त्या दुपारी औषधशास्त्राच्या तासाला सर हृदयाच्या एका जुन्या औषधाबद्दल सांगत होते. काकांना तेच औषध कित्येक वर्षं चालू होतं, म्हणून ती कान देऊन ऐकत होती. या औषधाची गुण देणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा एकमेकींना अगदी खेटून असतात, सर म्हणाले. ते शरीराबाहेर पडायला अडथळा आला, की गोळी रोजची तेवढीच, पण रक्तात साठत जाते. आधी भूक मरते. मग मळमळतं. मग काही जणांना सगळं पिवळसर दिसू लागतं.

तिचं पेन थांबलं. सकाळी काकांनी बशी तशीच सरकवून दिली होती. आणि गेले काही दिवस चष्मा सारखा पुसत होते ते. पुसून वैतागले, तेव्हा स्वतःच्याच दुकानात नवीन काचा बसवून आले होते.

या औषधाची रक्तातली मात्रा वाढवणारी इतर औषधं सरांनी फळ्यावर लिहिली. त्यातलं एक नाव वाचलं आणि ती बाकावरून उठलीच. तीच होती ती खोकल्याची गोळी.

तिनं बाहेर येऊन घरी फोन लावला. काकू म्हणाली, पित्त झालंय त्यांना, पडलेत. आता एकही गोळी देऊ नकोस, असं तिनं बजावलं, तर काकू थकल्यासारखी हसली. पुन्हा सुरू झालं का तुझं?

ती घरी पोचली तेव्हा काका उठून खुर्चीत बसले होते. चेहरा मातकट झाला होता. तिनं मनगट हातात घेतलं. एक ठोका लागे, आणि मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की ती बोटं हलवून पुन्हा नाडी शोधू लागे. मग कुठूनतरी पुढचा ठोका येई.

“काका, समोरची भिंत कशी दिसतेय?”

“छान दिसतेय,” ते सावकाश म्हणाले. “पिवळा रंग कधी दिला गं हिनं?”

भिंत पांढरीशुभ्र होती. दारात उभी असलेली काकू चपला घालायला लागली.

हॉस्पिटलात रक्ताचा रिपोर्ट तिला वाटलं होतं तसाच आला, हृदयाचं औषध रक्तात साठलं होतं. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं हातात धरून विचारलं, हृदयाचं औषध चालू असताना ही दुसरी गोळी कुणी घ्यायला लावली?

“लिहून दिली दुसऱ्या डॉक्टरांनी,” ती म्हणाली, “पण ते नको म्हणत होते. मीच गिळायला लावली.”

काका वाचले. बरेच दिवस तारा लावून पडून राहिले, पण घरी आले. घरात सगळे म्हणतात, पोरीनं वाचवलं. ती खरं काय ते सांगायला जाते, पण कुणी ऐकूनच घेत नाही, काका तर मुळीच नाही. ते आता कुठलीही गोळी आधी तळहातावर ठेवतात आणि हात तिच्यापुढे धरतात.

“घेऊ ना?”

पूर्ण विश्वासानं विचारतात. ती गोळीकडे पाहते, पुन्हा पुस्तक उघडते, आणि हो म्हणायला तिची जीभ उचलत नाही.