भिंतीवरची नदी

माघातलं ऊन, जुन्या पितळेसारखं.

पळसाच्या पानावर बोटभर काळी धूळ.

निळ्या रंगाची बाटली, तळाला आलेली.

जमिनीच्या पोटात एक अंधार. त्यातून कोळसा काढून नेला, आणि परत काही भरलं नाही.

मुलांचं हसू.

हे सगळं एकाच ठिकाणचं. वर्धा नदीपासून थोडं आत, जिथे खाण बंद पडली आणि वसाहत तेवढी मागे राहिली, तिथलं.

वसाहत काळी. छपरं काळी, चिंचा काळ्या, सकाळी वाळत घातलेलं पांढरं लुगडंही उतरत्या उन्हात करडं. त्या कोळसाकृष्ण विस्तारात रंगांची जागा एकच: कामगारांचा जुना हॉल. शाळा सुटली की तिथे रामटेके ताई चित्रांचा वर्ग घेई. फुकट. कुणीही यावं, कशानंही माखावं, काहीही काढावं. अस्मिता रामटेके इथलीच, खाणकामगाराची लेक. नागपूरला चित्रकला शिकली आणि परत आली. इथून माणसं जातात. परत येतं कोण?

ती आली.

आता काचेविषयी.

इथे भिंतीला तडा गेला की त्यावर आडवी काचेची पट्टी बसवतात, दोन टोकांना सिमेंटचा ठिपका देऊन. तडा मुका असतो. काच बोलते. खाली जमीन बसली, भिंत केसभर सरकली, की काच तुटते. घराघरात देवाआधी काचेकडे बघतात. काच शाबूत असली तर चूल पेटते. आणि ‘काच गेली’ एवढं ऐकलं की माणूस चप्पल न शोधता अंगणात येतो.

हॉलच्या मोठ्या भिंतीला तडा होता. काचाही होत्या.

पण मुलांना तीच भिंत हवी होती. त्या भिंतीवर नदी काढायची होती, आणि नदीच्या मधोमध काचा येत होत्या. मग सोनल मडावीनं, वर्गातल्या सगळ्यात सराईत हाताच्या मुलीनं, छिन्नी घेऊन त्या अलगद सोडवल्या. एकही मोडू दिली नाही. धुतल्या. फ्रॉकला पुसल्या. रंग कालवायला इतकी गुळगुळीत, इतकी निर्मळ जागा मुलांना कधी मिळालीच नव्हती. ज्या काचांवर वसाहत आपलं भय वाचत आली, त्या काचांवर पिवळ्यात निळा मिसळला आणि हिरवा जन्मला.

ताईला कळत नव्हतं असं नाही. ती काचेकडे बघतच मोठी झाली होती. पण हॉल धोक्याचा ठरला की कुलूप. आणि कुलूप लागलं की वर्ग संपला, कारण मागायला दुसरं दार वसाहतीत नव्हतं. तडा जुना आहे, असं ती स्वतःला म्हणाली. निजलेला आहे. निजलेल्यावर पांघरूण घालावं तशी तिनं तड्यात पुट्टी भरली. पुट्टीवर पांढरा. पांढऱ्यावर नदी.

काय नदी होती ती! नीलवत्सला, मत्स्यगर्भा, काठांवर हिरवी झालर. तिच्यात धूळ नव्हती. तिच्यात मुलांनी आपापला मासा सोडला होता, आणि सोनलचा मासा सगळ्यात मोठा, केशरी, मधोमध.

एक दिवस त्या माशाच्या पोटातून रेघ उमटली.

“ताई, रेघ परत आली.”

“पुट्टी सुकली की आक्रसते गं. भर.”

“भरली होती ना मी. तरी येऊन रायली.”

“अवो ताई, तिच्या माशाले भूक लागली,” रेहान ओरडला. “पोट उघडून दाखवून रायला तो!”

वर्ग हसला. ताईही हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. सोनलनं रेघ भरली. रेघ आली. भरली. आली. जणू भिंतीच्या आत कुणी उलट्या बाजूनं चित्र काढत होतं, आणि त्याचा हात अधिक सराईत होता.

नदी केसाकेसानं रुंद होत होती.

प्रदर्शनाचा आदला दिवस. उद्या सगळ्यांच्या आया येणार. मुलं नळावर ब्रश धुवायला गेली, तेव्हा सोनलनं एका काचेवरचा हिरवा खरवडला आणि सिमेंट कालवलं. माशाच्या पोटावर, रेघेवर आडवी, तिनं काच ठेवली.

पाठीमागे ताई उभी होती.

“चित्रावर काच, सोनल?”

“राहू द्या ना ताई. उद्यापुरती.”

ताईनं काचेकडे पाहिलं. काढ म्हणाली नाही.

“सरळ लाव,” एवढंच म्हणाली.

प्रदर्शनाची दुपार. जरीची लुगडी, नायलॉनच्या साड्या, गजरे, कडेवरची पोरं. काळ्या मैदानातून चालत येणारा एक रंगीत, हसरा प्रवाह. आत दोऱ्यांवर चिमटे, चिमट्यांत चित्रं. ताई पाहुण्यांना सामोरी मैदानात गेलेली.

सोनल एकटी आत आली.

काचेचे दोन तुकडे. मधे एक बोट फट.

बोललं तर कुलूप. वर्ग उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही. नाही बोललं तर या भिंतीखाली रेहानची आई, आपली आई, कडेवरची पोरं. तिच्या घशात सगळे रंग एकत्र कालवले गेले, आणि सगळे रंग एकत्र कालवले की जो होतो तोच झाला: काळा.

ती दारात आली.

“काच गेली.”

हळूच म्हणाली. पण तो प्रवाह जागीच थिजला. कुणी काय विचारलं नाही, कुठली विचारलं नाही. रेहानच्या आईनं त्याचं मनगट धरलं. “चाल बाप्पा, मांगं चाल.” गजरे मागे वळले. मैदानाच्या पार टोकाला जाऊन सगळे उभे राहिले.

तेवढ्यात रडक्या आवाजात एक चिमुरडी: “माझं चित्र आत हाय.”

ताईनं तिच्याकडे पाहिलं.

“आलीच मी.”

“नका जाऊ ताई!” सोनल किंचाळली. “आम्ही दुसरी काढतो ना! राहू द्या!”

ताई गेली. ओंजळभर चित्रं घेऊन आली, जमिनीवर ठेवली, वर दगड ठेवला. श्वासही घेतला नाही. पुन्हा आत गेली.

मोठा आवाज झाला नाही. एक लांब उसासा झाला, जमिनीतून वर. उघड्या दारातून सगळ्यांनी पाहिलं: नदी मधोमध दुभंगली, तिच्यातून पलीकडचं खरं ऊन आत आलं, आणि निळी, नीलवत्सला, ती हळूहळू खाली बसली. धूळ उठली. पहिल्यांदाच या वसाहतीत पांढरी धूळ उठली, चिंचांवर बसली, गजऱ्यांवर बसली, दगडाखाली फडफडणाऱ्या चित्रांवर बसली.

ताई बाहेर आली नाही.

त्या सकाळी तिनं हॉलच्या दाराला आंब्याचं तोरण बांधलं होतं, आणि ते एका बाजूला उतरतं म्हणून, चौकटीकडे न बघता, परत परत सोडून बांधलं होतं.