बारापर्यंतचं घर

"तुम्ही खोटारडे आहात. माणूस आधीच ठरवून ठेवलाय आणि आम्हाला नुसतं नाचवताय. दम असेल तर आधी खोली बघा, मग नाही म्हणा."

एवढं बोलून सोनलने फोनवरचा अंगठा उचलला. निरोप मालिकेच्या ग्रुपवर गेला. बोलण्यापुरता तोंडातून काढलेला खिळा तिने पुन्हा भिंतीला टेकवला आणि दोन घावांत आत घातला.

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या अंबाजीमामाने मान वर केली.

"कुनाला गो बोललीस येवढं?"

"साहेबांना."

"कुठल्या?"

"वरच्या. नाव विचारू नका, मामा. मी पण चेहरा बघितलेला नाही."

ते खरंच होतं. मुंबईत इतकी वर्षं सेटवर काढली, पण चॅनेलच्या या साहेबांचा तिला फक्त आवाज ठाऊक होता. कुणाच्या तरी फोनमधून तो आवाज यायचा. भिंत पिवळी करा. पिवळी केली की निळी करा. 'वरून आलंय' असं कुणीतरी म्हणायचं आणि मोठमोठी माणसं माना डोलावून डबे उघडायला सांगायची. डबे उघडायची सोनल.

"मग आता काय येत न्हाईत ते," मामा म्हणाला.

"येतील. नमस्कार केला तर फोन ठेवतात. शिवी दिली की बघायला येतात."

ती शिडीवरून उतरली, दोन पावलं मागे सरकली आणि खोलीकडे पाहून मोठ्याने हसली. जमलं होतं. च्यायला, काय जमलं होतं!

खोली मामाची होती. काशीदला किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांना तो ती भाड्याने द्यायचा. जांभळ्या भिंती, चकचकीत लाद्या, एसी. सोनलने लाद्यांवर ताडपत्री अंथरून वर माती चोपली होती आणि ती शेणाने सारवली होती. भिंतींना चुना, खाली गेरूचा पट्टा. एसीच्या पुढे फळी ठोकून तिच्यावर मडक्यांची उतरंड. संडासाचं दार दोरीवरच्या गोधडीआड गेलं होतं. नव्वद सालातल्या एका सुईणीचं घर उभं राहिलं होतं.

नवी मालिका त्या सुईणीची होती आणि मालिकेला कला दिग्दर्शक हवा होता. दिग्दर्शिका मैथिलीने हट्टच धरला होता, की ज्याला काम हवं त्याने एक खोली सजवून दाखवावी. समोर होते दादा. त्यांना सगळी इंडस्ट्री दादा म्हणते. सोनल त्यांच्या हाताखाली तयार झाली. माणूस वाईट नव्हता, पण ते सेटवर यायचे तेव्हा रंग वाळलेला असायचा. पडद्यावर 'कला दिग्दर्शन' या शब्दांखाली नाव दादांचं, आणि सोनलचं नाव शेवटी, वाचेपर्यंत निघून जाणाऱ्या गर्दीत. दादांनी खोली सजवली नव्हती. कॉम्प्युटरवरची चार चित्रं पाठवली होती. तरी आज सकाळी प्रॉडक्शनमधल्या प्रणयचा फोन आला होता: "तू कशाला मरतेस? दादांचं नाव वरून फायनल झालंय."

म्हणून तो निरोप.

"माझी लादी निघंल ना गो साफ?" मामाने विचारलं. "शनिवारी पुन्याचं गिऱ्हाईक हाय."

"निघेल. नाही निघाली तर त्यांना सांगा, गावचा अनुभव आहे. जास्तच देतील."

मामा हसला. त्याला ते पटलंसुद्धा.

सामानातली एकही वस्तू मात्र सोनलने मुंबईहून आणली नव्हती. तिथल्या गोदामांत भाड्याने मिळणारा तोच पितळी तांब्या आज एका मालिकेत सासूच्या हातात असतो, उद्या दुसरीत पाटलाच्या. सोनलला वापरातलं घर हवं होतं. म्हणून पहाटेपासून ती आपल्या गावच्या आळीत दारोदार फिरली होती. रंगूकडून सागवानी पाळणा. आत्याकडून विळी, तवा आणि माशांचा वास मुरलेली परात. शाळेपलीकडच्या घरातून बाकडं. एका पोरीकडून उतरंडीची मडकी. आणि केसरमावशीकडून देव्हारा.

देव्हाऱ्यासाठी मावशीने आधी देवांना हात जोडले होते. मग म्हणाली, "रिकामा देव्हारा दारातून भाईर काढायचा नसतो. देवासकट ने. पन बारापरत्यंत. निवद आमचा आमच्याच घरात दाखवायचा, देव काय परक्याच्या घरी जेवत न्हाईत."

"बाराला आणून देते, मावशी. लोकं दहाला येणारेत."

बाकीच्यांनाही तिने तेच सांगितलं होतं. बारापर्यंत.

मैथिली आणि निर्माता सलिल सकाळच्या रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला उतरले आणि साडेदहाला दारात उभे राहिले. मैथिलीने उंबऱ्यावर चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सारवलेल्या जमिनीवर हळूच पाऊल टाकून ती आत आली, पाळण्याच्या दांडीवरून हात फिरवला आणि तिथेच मांडी घालून बसली.

"सलिल, इथे पहिला सीन होणार. इथेच. ती बाई इथून उठणार आणि दार उघडणार." तिचे डोळे लकाकत होते. "अरे, काय बघतोयस? ये ना आत!"

सलिल आत आला. त्याने गोधडी बाजूला केली, दार ढकलून कमोड पाहिला आणि गोधडी परत सोडली.

"भारी आहे," तो म्हणाला. "खरंच भारी. पण तू तो निरोप का टाकलास, सोनल? सगळे हादरलेत."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, दाखवा मला. व्हिडिओवर येतील."

सोनलने मामाकडे बघून भुवया उडवल्या. मामाने आनंदाने मांडीवर थाप मारली.

अकरा वाजले. साहेब मीटिंगमध्ये होते. साडेअकरा झाले. साहेब दुसऱ्या मीटिंगमध्ये होते. मैथिलीने तेवढ्यात भिंतीवर बोटाने अख्खा सीन आखला. सोनल तिच्या पुढे धावत होती. इथे उजेड पागोळीखालून येईल, इथे कंदील, पावसाळ्यात ही भिंत ओल धरेल ती मी अशी करीन. दोघी एकमेकींचं वाक्य तोडत होत्या. बाहेर कुठेतरी मासे तळायला पडले होते. वास खोलीत आला आणि खोली आणखी खरी झाली.

बाराला पाच कमी असताना फोन वाजला. सलिलने तो दोन्ही हातांनी उंच धरला, जणू आरतीचं ताट.

पडद्यावर चेहरा नव्हता. काळा चौकोन होता. त्यातून आवाज आला. तोच.

"हं. दाखवा."

सलिलने फोन हळूहळू फिरवला. उतरंड, पाळणा, विळी, देव्हारा.

"एक्सलंट," आवाज म्हणाला. "मातीचा वास येतोय. ही निरोपवाली मुलगी का? गुड. आग आहे. घ्या तिला."

मैथिलीने सोनलचा हात गच्च धरला. सोनलच्या कानांत समुद्र घुसल्यासारखं झालं.

"दादांसोबत असोसिएट म्हणून घ्या," आवाज पुढे म्हणाला. "नाव दादांचं. त्यांच्या नावावर जाहिराती येतात. खोली हीच ठेवा, काही हलवू नका. दादा उद्या येऊन बघतील."

मैथिलीचा हात सैल पडला. "सर, खोली सोनलची आहे. आपण टेस्ट घेतली होती—"

"मैथिली, हे वर ठरलंय."

"वर म्हणजे तुम्हीच ना, सर?" सोनल म्हणाली.

तेवढ्यात दारात केसरमावशी आली. पदर डोक्यावर, पाय धुतलेले.

"सोने, देव न्यायला आले. निवद राहिलाय."

सलिलने फोनवर हात ठेवला. "मावशी, फक्त पाच मिनिटं."

"मला नको सांगू. देवाला सांग पाच मिन्टं." आणि ती आत शिरली.

सोनल क्षणभर तिच्या वाटेत उभी होती. तिने फोनकडे पाहिलं, मग मावशीच्या ओल्या पावलांकडे. ती बाजूला झाली. स्वतःच पुढे होऊन तिने खिळ्यावरून देव्हारा उचलला, कपाळाला लावला आणि मावशीच्या हातात दिला.

सलिलने घाईघाईने फोन पाळण्याकडे वळवला.

"हां, तर सर, हा पाळणा—"

"माझा हाय तो," दारातून रंगू म्हणाली. कडेवर तिचं पोर किंचाळत होतं. "गो सोने, झोपंला आलंय हे, मांडीवर ऱ्हात न्हाय. नेऊ ना?"

"ने गं. मामा, हात लावा."

मामाने पाळण्याची एक बाजू धरली. पाळणा तिरका होऊन दारातून निघाला. फोन सरकला विळीवर. आत्या आली, विळी उचलली, काखेत परात मारली, आणि तवा घ्यायला पुन्हा वळली.

"तुमचं चालू द्या," ती सलिलला म्हणाली. "माझं खोबरं खोवायचं राह्यलंय."

सलिलची चौकट लहान लहान होत चालली. तो भिंतीला पाठ लावून उरलेला कोपरा शोधत होता. उतरंड होती तोवर त्याने उतरंड धरली. मग मडकीवाली पोरगी आली आणि एक एक मडकं उतरवून बाहेर नेऊ लागली. मागे एसी दिसायला लागला.

शाळेपलीकडचा म्हातारा बाकडं न्यायला एकटाच आला होता. त्याला ते उचलेना. मैथिलीने केस वर बांधले आणि बाकड्याचं दुसरं टोक धरलं.

"मैथिली!" सलिल ओरडला.

"जड आहे रे," ती म्हणाली आणि म्हाताऱ्याबरोबर अनवाणीच उन्हात चालू लागली.

"हॅलो? काय चाललंय तिथे?" काळा चौकोन बोलला. "सेट कुठे गेला?"

"जेवायला," सोनल म्हणाली.

"म्हणजे?"

"लोकांच्या घरचं सामान आहे, सर. बारापर्यंत मागितलं होतं. तुम्ही उशीर केलात."

"मग परत आणा. उद्या दादा येणारेत, त्यांना हीच खोली हवी. हवं तर दादाच मागतील."

सोनल दाराकडे वळली. "रंगू, उद्या दादा आले तर देशील पाळणा?"

पाळणा ओट्यावर ठेवून दम खात उभी असलेली रंगू म्हणाली, "कोन दादा?"

मामा खो खो हसला. सलिललाही हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. खोलीत आता काही उरलं नव्हतं. सारवण, चुना, मोकळी फळी, संडासापुढची गोधडी आणि चार खिळे. चौकटीत धरायला सलिलकडे एकच गोष्ट शिल्लक होती. त्याने फोन सोनलकडे केला. हात हलू नये म्हणून कोपर पोटाशी टेकवला.

सोनलने हात साडीला पुसले. बारशाला ताटकळलेल्या आईसारखं तिला आतून नुसतं उसळत होतं. दारात मैथिली परत येऊन उभी राहिली होती, तळपायांना वाळू, तोंडावर घाम. तिच्या मागून अर्धी आळी डोकावत होती.

"सर, हे घर मी उद्या पुन्हा उभं करीन," सोनल म्हणाली. "मी मागितलं तर सगळे देतील. याच्यापेक्षा झकास करीन. तुमची अख्खी मालिका उभी करीन. पण पडद्यावर 'कला दिग्दर्शन' असं लिहून त्याच्याखाली नाव कुणाचं येणार? 'वर ठरलंय' नको. तुम्ही सांगा. तो कॅमेरा उघडा, तोंड दाखवा, आणि सांगा. कुणाचं?"