वाट्याला आलेली हर्षा

हर्षा पुण्याहून आली, हे पौर्णिमाला हर्षाने सांगितलं नाही. स्टेटसने सांगितलं. देवळीच्या बस स्टँडवर उसाच्या रसाचा गिलास हातात धरलेली हर्षा, आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून सगळे दात दाखवणारी तिची भावजय आचल. खाली ओळ होती, ‘माझं गाव, माझी माणसं.’

पौर्णिमाने फोटो मोठा करून पाहिला. माणसं म्हणून त्यात आचल तेवढी होती. बाकी रसवंतीवाल्याची पाठ.

पाहिलं तेही तिने दुकानाच्या फोनवरून. स्वतःच्या फोनवरून पाहिलं की पाहणाऱ्याचं नाव तिकडे उमटतं, आणि पौर्णिमाला आपलं नाव इतक्या स्वस्तात उमटू द्यायचं नव्हतं. ‘हेमराज मॅचिंग सेंटर’ने पाहिलं तर पाहू दे, दुकानाला कुठे मान असतो!

हर्षा आणि पौर्णिमा एका गल्लीत वाढलेल्या, एका बाकावर बसून शिकलेल्या. पुढे हर्षा लग्न करून पुण्याला गेली. पौर्णिमा त्या गल्लीतून उठून चार गल्ल्या सोडून हेमराजच्या घरी आली. माहेर देवळी, सासरही देवळी. त्यामुळे झालं काय, की तिला माहेरपण असं लाभलंच नाही. नवऱ्याशी भांडून तणतणत माहेरी जावं, तर संध्याकाळी दूध तापवायला परत यावं लागे. कुणी तिची वाट पाहिली नाही, कुणी तिच्यासाठी कैऱ्या राखून ठेवल्या नाहीत. उन्हाळ्यात हर्षा आली की तिचं जे कौतुक चाले, त्यातलं थोडं पौर्णिमाच्याही ताटात पडे, कारण हर्षा जाईल तिथे पौर्णिमा सोबत असे. आजवर असे. आता हर्षाच्या भावाने कार घेतली होती आणि आचल ती चालवायला शिकली होती.

पहिल्या दिवशी हर्षाचा फोन आला. “पौर्णे, आज मामांकडे जेवायला चाललोय गं. उद्या तुझ्याकडे, नक्की.”

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंकडे. तिसऱ्या दिवशी समुद्रपूरला मावशीकडे. कुणाकडे बारसं, कुणाकडे नव्या घराची वास्तू झाली ती बघायला. प्रत्येक घरी ताट, आणि ताट पुसून घेतल्याशिवाय कुणी उठू देणार नाही. प्रत्येक ताटाचा फोटो आणि त्यात कुठे ना कुठे आचलचं कोपर.

“आली काय व तुही हर्षा?” सासू सुलोचनाबाई रोज सकाळी विचारत. उन्हाळ्यात त्यांना दुसरी करमणूक नव्हती.

“येते म्हणे उद्या.”

“तिचा उद्या लय लांब हाय बाई. पुण्याच्या पल्याड.”

पौर्णिमा सरळ दुकानात जाई. गिऱ्हाइकाने आणलेल्या साडीचा पदर ती उजेडात धरी, मागे वळून पाच-सहा तागे ओढी आणि हवा तो रंग काढून समोर टाकी. “घ्या. याहून सारखा भेटला तं मले सांगा.” तिच्या आवाजातली धार ऐकून बाया घासाघीस न करताच पैसे देऊन जात. त्या आठवड्यात धंदा बरा झाला.

समुद्रपूरच्या ताटात सरगुंडे होते, आणि तिथे पौर्णिमाचा तोल गेला. कणकेची बारीक पट्टी काडीवर गुंडाळायची, अलगद काडी काढून घ्यायची, राहिलेली पोकळ नळी उन्हात वाळवायची, आणि आंबे आले की शिजवून रसासोबत खायची. दोघींनी पोरवयात हर्षाच्या गच्चीवर बसून सूप सूप भरून सरगुंडे केले होते. चैत्रात पौर्णिमाने एकटीने बसून केले, तेव्हा एक डबा हर्षाच्या नावाने वेगळा काढला होता. आणि ही बया मावशीकडचे सरगुंडे तोंडात धरून फोटो काढते, वर लिहिते, ‘वर्षभर याचीच वाट पाहिली.’

पौर्णिमाने त्याच संध्याकाळी तो डबा उघडला आणि झाडून सगळे सरगुंडे शिजत घातले.

हेमराज ताटाकडे पाहून हरखला. “आज काय हाय?”

“काई नाई. खा चुपचाप.”

“हे तं हर्षासाठी ठेवले होते न तू?”

“ते पोट भरून राह्यली समुद्रपुरात. तुम्हाले पोट नाई का?”

हेमराजला पोट होतं. त्याने आणि सुलोचनाबाईंनी मिळून पातेलं संपवलं. पौर्णिमाच्या घशाखाली मात्र दोन घासांच्या वर उतरलं नाही. रस गोड होता, हाच राग.

शेवटच्या दिवशी, भर दुपारी, हर्षा आली.

मे महिन्यातली देवळीची दुपार म्हणजे कुत्रीसुद्धा नालीच्या ओलाव्यात पडून राहतात. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. हेमराज माल आणायला नागपूरला गेलेला. हर्षा वाकून शटरखालून आत आली, तोंडावरचा दुपट्टा सोडला आणि गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसली. चेहरा लाल, डोळ्यांखाली काळं.

पौर्णिमाने आठवडाभर मनात जी वाक्यं तासून ठेवली होती, ती ओठावर आली. “या. वाट चुकल्या काय?”

“पौर्णे, मला काही देऊ नकोस,” हर्षा म्हणाली. “चहा नको, सरबत नको, काहीच नको. मला झोपू दे. कूलरसमोर. चारला उठव, आचल घ्यायला येणार आहे. तिच्या माहेरी जायचंय केळझरला, रात्रीचं जेवण तिकडे.”

“बोलणार काई नाई?”

“उठल्यावर बोलू ना गं.”

आणि ती दुकानामागच्या खोलीत गेली, सतरंजीवर पडली, आणि पौर्णिमा उशी घेऊन येईपर्यंत झोपलीही.

पौर्णिमा उशी हातात धरून उभी राहिली. मामांकडे ही हसली, मावशीकडे ही हसली, शाळेतल्या बाईंच्या गळ्यात पडून रडली. आणि पौर्णिमाच्या वाट्याला काय आलं? घोरणं. तेही बारीक, शिटीसारखं. शाळेत असताना असंच घोरायची.

तिने उशी हळूच डोक्याखाली सरकवली. कूलरमध्ये एक बादली पाणी टाकलं.

खोलीच्या कोपऱ्यातल्या दिवाणावर पडल्या पडल्या सुलोचनाबाई हे पाहत होत्या. “घरोघरी मिरवली अन् आपल्याकडे लोळाले आली. चांगली हाय.”

“हळू बोला न आई,” पौर्णिमा म्हणाली.

चार वाजत आले तशी ती पुन्हा खोलीत आली. खाली वाकली. हर्षाचा हात सतरंजीबाहेर पडलेला, तोंड किंचित उघडं. हाक मारायची, की ही उठणार, तोंडावर पाणी मारणार, ‘अगं उशीर झाला, पुढच्या वेळी नक्की’ म्हणणार आणि जाणार. पुढची वेळ म्हणजे वर्ष. कधी दीड.

हर्षाच्या पर्समध्ये फोन थरथरला. पौर्णिमाने पर्सची चेन ओढली, फोन काढला. ‘आचल’. नावापुढे लाल बदाम. तो बदाम नसता तर पुढचं कदाचित घडलं नसतं. पौर्णिमा फोन घेऊन दुकानात आली आणि तो तिने अस्तराच्या ताग्यांखाली खोल सारून दिला. दोन-तीनदा तागे गुरगुरले, मग गप्प झाले.

थोड्या वेळाने बाहेर गाडी थांबली. शटरखाली आचलचा चेहरा आला.

“पौर्णिमाताई, हर्षाताई आहेत न?”

“गेली न ते,” पौर्णिमा म्हणाली. इतक्या सहज, की तिचं तिलाच नवल वाटलं. “मघाचीच गेली. कोणाकडे जाऊन येतो म्हणे.”

“फोन उचलत नाईत.”

“रस्त्यानं असन.”

आचल क्षणभर तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, “बरं. आल्या तं सांगजा.” गाडी निघून गेली.

दिवाणावरून आवाज आला, “बुढाप्यात मलेबी पाप लावशीन.”

“तुम्ही झोपल्या होत्या,” पौर्णिमा म्हणाली. “तुम्ही काई ऐकलं नाई.”

मग ती खोलीत जाऊन हर्षाच्या पायाशी बसली. काम काही नव्हतं. हर्षाच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, पुण्यातही पडतात तर. डाव्या कानाच्या वर केस पांढरे झाले होते. आठवड्यातल्या एकाही फोटोत ते दिसले नव्हते. पौर्णिमा नुसती बसून राहिली आणि तिला वाटलं, आज माझ्याकडे पाहुणी आहे.

हर्षाला जाग आली तेव्हा शटरखालचं ऊन पिवळं पडलं होतं.

“किती वाजले?”

“सहा.”

हर्षा ताडकन उठून बसली. “सहा? अगं, आचल?”

आता ‘नाही आली’ म्हणणं सोपं होतं. पण हर्षाच्या गालावर सतरंजीचे वळ उमटले होते आणि त्या तोंडाला खोटं सांगणं पौर्णिमाला जमेना.

“आलती. मी सांगतलं, तू गेली.”

“काऊन?”

“असंच.”

“असंच?” हर्षाचं पुणं एका क्षणात उतरलं. “तुले अक्कल हाय का पौर्णे? तिची माय सकायपासून रांधून राह्यली तिकडे! फोन कुठं हाय माह्या?”

“अस्तराखाली.”

“अस्तराखाली!” हर्षा उभी राहिली, पुन्हा बसली. “आठ दिवस झाले, सारे मले ओढून राह्यले. इकडे ये, तिकडे ये, हे खाय, ते खाय. नाई म्हटलं की तोंडं वाकडे. म्हटलं, एक पौर्णीचं घर हाय जिथं मले कोणी ओढणार नाई. तं तू माह्या फोनच गाडून टाकला!”

हे पौर्णिमाला फार लागलं. लागलं म्हणूनच ती आणखी चिडली. “हो, म्या काऊन ओढायचं? म्या उद्या उद्या ऐकायचं! साऱ्या जगाचे फोटो टाकते, माह्या एक तरी टाकला का? मावशीचे सरगुंडे टाकले!”

“तुले कसं माहीत? तू तं माहे स्टेटस पाहतच नाई.”

पौर्णिमा सतरंजीची दशी ओढू लागली.

“अच्छा,” हर्षा सावकाश म्हणाली. “म्हणजे ते हेमराज मॅचिंग सेंटर तू हाय. मी आठ दिवसांपासून विचार करून राह्यली, की हेमराजभाऊ काऊन माह्या मागं लागले.”

दिवाणावर सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते.

हर्षा हसली नाही. तिने हात पुढे केला. “फोन आन.”

पौर्णिमाने तागे उपसले, फोन काढला. पण हर्षाच्या हातात दिला नाही. आचलचं नाव शोधून स्वतःच लावला. बोलायचं ते आपणच बोलायला हवं, एवढं तिला कळत होतं.

“आचल, पौर्णिमाताई बोलते. हर्षा माह्या घरीच झोपली होती. मी खोटं बोलली तुले.”

“माहीत हाय ताई,” आचल पलीकडून म्हणाली. “चप्पल शटरपाशीच होती न त्यांची.”

पौर्णिमाने शटरकडे पाहिलं, चप्पल अजून तिथेच होती. “मग तू काई बोलली काऊन नाई?”

“त्या रात्रीच्या झोपतच नाईत न इथं आल्यापासून. कोणी ना कोणी येऊन बसते. म्हटलं, झोपल्या असतीन तं झोपू द्या. आईले सांगतलं उशीर होईन म्हणून. येऊ का आता गाडी घेऊन?”

“ये,” पौर्णिमा म्हणाली आणि फोन हर्षाकडे दिला.

आतापर्यंत तिला आचलच्या कारचा हेवा वाटत होता, तिच्या वयाचा, तिच्या कोपराचा. आता चांगुलपणाचाही वाटायची पाळी आली. आणि याला मॅचिंग असं तिच्याकडे आज काहीच नव्हतं.

हर्षा तोंड धुऊन आली. फणी मागितली नाही, कोनाड्यातली स्वतः घेतली. आरशात पाहून केस विंचरताना म्हणाली, “एवढी झोप मले वर्षात लागली नसन.” मग लगेच, “याचा अर्थ तुले माफ केलं असा नाई.”

“मी कुठं मागून राह्यली माफी?”

“मागाची तुह्यात रीतच नाई. पैलेपासून.”

गाडी आली. आचल उतरून आत आली, सुलोचनाबाईंच्या पाया पडली आणि पौर्णिमाकडे न पाहता, जरा लाजून म्हणाली, “ताई, तुम्हीबी चला न. आईनं लय करून ठेवलं हाय.”

“मी कायले? दुकान हाय. हे रात्री येतीन.”

“जाय व,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “गल्ल्यावर मी बसतो. हेमराजले मी वाढतो. पण जाय. नाई तं रातभर त्या फोनात डोळे घालून बसशीन अन् सकाळी माह्यावर उखडशीन.”

पौर्णिमाने हर्षाकडे पाहिलं. एक शब्द, निदान मान, एवढंच हवं होतं. हर्षा दुपट्टा बांधत होती.

“मले कायले पाहते?” ती म्हणाली. “येते तं ये. साडी बदल पैले, चुरगळली.”

पौर्णिमाने साडी बदलली. ती बाहेर येईपर्यंत हर्षा आचलच्या शेजारी, पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. पौर्णिमा मागे बसली. दार एकदा नीट लागलं नाही, पुन्हा लावलं.

गाडी वर्ध्याच्या रस्त्याला लागली. पुढे दोघी केळझरच्या जेवणात काय काय असेल ते बोलू लागल्या, आणि काहीतरी आठवून एकदम हसल्या. कशावर हसल्या ते मागे ऐकू आलं नाही. पौर्णिमाने थोडा वेळ खिडकीबाहेरची, उन्हाळी नांगरट झालेली उघडी वावरं पाहिली. मग दोन्ही हातांनी पुढच्या सीटा धरल्या आणि दोघींच्या मधोमध डोकं घातलं.

“मागं सर न पौर्णे,” हर्षा म्हणाली. “गर्मी होऊन राह्यली.”

“नाई सरत,” पौर्णिमा म्हणाली. “कायले हासल्या, सांग पैले.”