उजवीकडचा दिवा

"काका, तुमच्या गाडीची उजवी लाइट गेलीय. काल संध्याकाळी तुम्ही आत आलात तेव्हा बघितलं," वॉचमन आनंदने रविवारी सकाळी दूध आणायला निघालेल्या सुधीर कर्णिकांना सांगितलं. बल्ब गेल्याचं सुधीररावांना विशेष वाटलं नाही. बल्ब म्हटला की जायचाच. पण आपल्याआधी ते वॉचमनच्या लक्षात यावं, हे त्यांना लागलं. एकतीस वर्षं कोलशेतच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स सांभाळलेला माणूस तो. घरातली ट्यूबसुद्धा त्यांनी कधी दुसऱ्याला बदलू दिली नव्हती.

चहा होताच त्यांनी कपाटातून नवा बल्ब आणि पक्कड काढली.

"अहो, आजच कशाला?" सरोजताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मेकॅनिकला बोलवा की. तो करील."

"बल्ब बदलायला मेकॅनिक? उद्या भात कालवायलाही माणूस ठेवू."

सरोजताईंनी नळ सोडला. एरवी त्यांनी उत्तर दिल्याशिवाय सोडलं नसतं.

बाळकुमच्या त्या संकुलात बी विंगखाली पार्किंग होतं. सुधीररावांनी बॉनेट उघडून टेकू लावला आणि डोकं आत घातलं. बॅटरीच्या बाजूला हात घालून त्यांनी दिव्यामागची रबरी टोपी चाचपली. ती अलगद निघून हातात आली. एवढी मऊ? गाडी नऊ वर्षांची. त्या टोप्या केव्हाच कडक झालेल्या होत्या. मागच्या वेळी बल्ब बदलताना त्यांची नखं दुखली होती.

त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. दिव्याच्या मागच्या बाजूला मार्करने तारीख लिहायची त्यांची कारखान्यातली सवय होती. डाव्या दिव्यावर त्यांच्याच अक्षरात 'नोव्हें. २३' होतं. उजवा दिवा कोरा.

ते पुढे येऊन वाकले. डावी काच पिवळट, धुरकट, जुन्या चष्म्यासारखी झालेली. उजवी लख्ख. बंपरला धरून ठेवणाऱ्या उजवीकडच्या प्लास्टिकच्या क्लिपाही नव्या, काळ्या कुळकुळीत. दिवाळीत गाडी धुतली तेव्हा दोन्ही काचा सारख्याच पिवळ्या होत्या. म्हणजे प्रश्न बल्बचा नव्हताच. अख्खा दिवा कुणीतरी बदलला होता, आणि त्यात हलका बल्ब घातल्यामुळे तो दोन-तीन महिन्यांत गेला होता.

कुणी? आणि मालकाला न सांगता दिवा कोण बदलतं? ज्याने तो फोडला असेल, तोच.

त्यांनी तिथूनच अपूर्वला फोन लावला. मुलगा सुनेबरोबर डोंबिवलीला राहत होता, आणि दुसरी किल्ली त्याच्याकडे असे.

"तू मध्ये गाडी नेली होतीस?"

"मी? नाही हो बाबा. गणपतीत नेलेली, त्यानंतर नाही. का, काय झालं?"

"ठोकली असशील तर सांगून टाक. मी ओरडणार नाही."

"बाबा, ठोकली असती तर सांगितलं नसतं का? आईला विचारा ना." एवढं बोलून तो थबकला. "म्हणजे... आईला माहीत असेल, कोणी नेली ते."

तो थबकला, हे सुधीररावांनी पक्कं टिपलं. बल्ब तसाच खिशात घालून ते वर आले. सरोजताई मटार सोलत बसल्या होत्या.

"डिसेंबरात मी पुण्याला गेलो होतो, दादाच्या वर्षश्राद्धाला. तेव्हा गाडी कोणी हलवली?"

"कोण हलवणार? किल्ली तर कपाटात होती." त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या बोटांनी दाणे टरफलांच्या ताटात टाकले आणि टरफलं पातेल्यात.

सुधीररावांनी ते पाहिलं आणि तसेच खाली उतरले. लिफ्टमध्ये त्यांना आणखी काही गोष्टी आठवायला लागल्या. गेले दोन महिने कुठे जायचं म्हटलं की सरोज म्हणायची, "रिक्षानेच जाऊ या, पार्किंगची कटकट नको." गाडीत बसली की दाराच्या वरची मूठ घट्ट धरून बसायची. हे सगळं काय चाललं होतं? आपल्याच घरात आपल्या पाठीमागे?

आनंदच्या टेबलावरचं रजिस्टर त्यांनी उलटं चाळलं. बारा डिसेंबर, सकाळी अकरा वाजता: 'मेकॅनिक. मितेशदादांकडे. बी विंग पार्किंग.'

सापडलं!

मितेश म्हणजे काळुरामचा मुलगा. संकुल ज्या जमिनीवर उभं होतं ती काळुरामचीच, आणि त्याचं जुनं बैठं घर अजून गेटबाहेरच्या गल्लीच्या वळणावर होतं. मितेशची भली मोठी जीप पाहुण्यांच्या जागेत उभी असते म्हणून सुधीररावांनी सोसायटीकडे दोनदा लेखी तक्रार केली होती. तिला पुढे लोखंडी गार्ड. त्यांनी जीपजवळ जाऊन वीत लावून गार्डची उंची मोजली, मग आपल्या दिव्याची. बरोब्बर जुळत होती. वळवताना ठोकलं, मी गावात नाही हे पाहिलं, गुपचूप मेकॅनिक आणला, आणि सरोजला दमात घेऊन गप्प बसवलं. सगळं कसं सरळ दिसत होतं.

ते तरातरा गल्लीत गेले. काळुरामच्या दारातल्या ओट्यावर त्याची बायको गोदा सुकट निवडत बसली होती. काळुराम पेपर वाचत होता.

"या साहेब, बसा."

"बसायला आलो नाही. मितेश कुठंय?"

मितेश आतून टॉवेलने तोंड पुसत आला. "बोला ना काका."

"बारा डिसेंबरला तू माझ्या गाडीचा दिवा बदलून घेतलास. हो की नाही?"

मितेशने एकदा आईकडे पाहिलं, मग खाली. "हो काका. माझ्याकडूनच लागलं. जीप वळवताना. सॉरी."

सुधीररावांनी भांडणाची सगळी तयारी केली होती. कबुली इतक्या पटकन येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. तरी आवाज चढलाच. "सॉरी? चोरासारखं लपवलंस, वर माझ्या बायकोला खोटं बोलायला लावलंस! उद्या सोसायटीत—"

"आरं, खोटा कशाला बोलतस रं?" गोदाने सूप बाजूला आदळलं. "चोर म्हनतात तुला, न् तू गप उभा?"

"आई, तू थांब. काकूंना शब्द दिलाय मी."

"शब्द गेला खाडीत." गोदा उठून उभी राहिली आणि तिने ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. जुन्या शहाबादी फरशीच्या कडेला हातभर सिमेंट नवं होतं, बाकीच्या ओट्यापेक्षा फिक्कट. "ह्यो कोपरा कोनी फोरला, इचारा. तुमची गारी आली वलनावर, न् धारकन लागली. मी हितंच बसलेली. पानी प्यायला उठली न् आत गेली, तवर आवाज."

"काय बोलताय तुम्ही? मी कधी..." सुधीरराव वळणाकडे बघत राहिले. ठाण्याहून परत येतानाची ती संध्याकाळ त्यांना आठवली. गाडीला दणका बसला होता. सरोज म्हणाली होती, "अहो, काय लागलं?" आणि त्यांनी म्हटलं होतं, "खड्डा, दुसरं काय! महापालिकेला सांग." गाडी लावून ते सरळ वर गेले होते, आणि सकाळी उठून पुण्याला.

काळुरामने पेपराची घडी केली. "काकू त्याच सांजला आलत्या. रडत व्हत्या. बोलल्या, साहेबांना दिसत नाय उजवीकरचं, पन ऐकत नाय. पोराला आमी सांगितलं, दे लावून दिवा."

"दिसत नाही? मला?" सुधीरराव म्हणाले. मितेश त्यांच्या उजव्या अंगाला उभा होता. तो कधी तिथे आला, हे त्यांना कळलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "तू मला सांगितलं का नाहीस?"

सरोजताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "सांगितलं नाही? वर्षभर सांगतेय. डोळे दाखवा, डोळे दाखवा. तुमचं एकच, पेपर स्वच्छ वाचता येतो मला. फुटलेला दिवा दाखवला असता तर मितेशच्या नावाने बोंब मारली असतीत. मारलीतच ना आज?"

ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात धरला. समोरचं कॅलेंडर दिसलं, त्यावरचे मोठे आकडे दिसले. पण कॅलेंडरच्या शेजारचं दार नव्हतं. अंधारही नव्हता तिथे. काहीच नव्हतं. सरोजताई त्या दारातच उभ्या होत्या.

बुधवारी ते दोघं रिक्षाने डॉक्टरांकडे गेले. अपॉइंटमेंट सरोजताईंनी आधीच घेऊन ठेवली होती. तपासण्या दोन तास चालल्या. काचबिंदू. उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नव्हती. राहिलेली थेंबांनी टिकवता येईल, डॉक्टर म्हणाले, आणि गाडी चालवायची नाही असं त्यांनी दोनदा बजावलं.

परतताना कोलशेत रोडवर सिग्नलला रिक्षा थांबली.

"सरोज, ओट्याखेरीज आणखी काही?"

"काय आणखी?"

"मला न कळता. आणखी कोणाला लागलं का?"

त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बोट केलं. "एक सायकलवाला होता. दिवाळीच्या आधी. इथेच पुढे. पडला नाही, पाय टेकून उभा राहिला. तुम्ही हॉर्न देऊन पुढे निघालात."

"आणि माझ्याबरोबर तू नव्हतीस तेव्हा?"

"ते मला कसं माहीत असणार?" सरोजताई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी अपूर्वला बोलावून दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि नवा बल्बही दिला, बसवून घे म्हणून. मग ते एकटेच गल्लीत गेले, मितेशची माफी मागायला. गोदा दारात होती. तिने त्यांना पाहिलं आणि ओट्यावरचं सूप उचलून बसायला जागा केली. ते बसले. वळणावरून गाड्या येत होत्या, आणि प्रत्येक आवाजाला ते अख्खी मान वळवून बघत होते.